कुत्र्याशी सौदा

कुत्र्याच्या तोंडात मोजा दिसला की आपण धावतो, जबडा उघडतो आणि मोजा ओढून काढतो. कुत्रा त्यातून एकच गोष्ट शिकतो: माणसाचा हात जवळ आला की आपली वस्तू जाते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना अन्न समोर येण्याआधीच, नुसत्या खुणेने लाळ सुटायची. इथे त्याच नियमाने हात पाहूनच धास्ती वाटू लागते. मग तो वस्तू घेऊन पलंगाखाली शिरतो, नाहीतर घाईने गिळून टाकतो. मोजा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

ही धास्ती गुरगुरण्याआधीच दिसते. हाडूक चघळणारा कुत्रा तुम्ही जवळ जाताच थबकतो, अंग ताठ होतं, मान तशीच खाली राहते. फक्त डोळे तिरके वळतात आणि कडेला पांढरं दिसतं. गुरगुर त्यानंतरची. तिच्यावर ओरडणं किंवा फटका मारणं मला सगळ्यात घातक वाटतं. भीती तशीच राहते, इशारा तेवढा बंद होतो आणि एखाद्या दिवशी कुत्रा न गुरगुरता चावतो.

त्यापेक्षा सौदा करावा. सुरुवात त्याला फारशा प्रिय नसलेल्या खेळण्यापासून. 'सोड' म्हणा, क्षणभर थांबा, मग उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाशी न्या. तो खात असताना खेळणं उचला आणि लगेच परत द्या. हे परत देणंच बरेच जण विसरतात, आणि विश्वास बसतो तो त्यानेच. शब्द आधी, तुकडा नंतर हा क्रमही पाळायचा; नाहीतर खाऊ दिसेपर्यंत कुत्रा तोंड उघडत नाही.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी श्वानपालकांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. जेवता जेवता ताट काढून घेतलं जाणाऱ्या कुत्र्यांत आक्रमकता जास्त आढळली, तर ताटात चविष्ट तुकड्याची भर पडणाऱ्यांत कमी. मुळात तापट कुत्र्याचंच ताट लोक उचलत असतील, ही शक्यता उरतेच. तरी ताट उचलून 'सवय लावणं' थांबवायला एवढं पुरेसं आहे.

चॉकलेट, द्राक्षं, शिजवलेलं हाड कुत्र्याला घातक असल्याने परत देता येत नाही. तिथे खाऊ थोडा दूर फेकावा आणि कुत्रा तिकडे गेला की वस्तू उचलावी. दात लावणाऱ्या कुत्र्यावर हे प्रयोग स्वतः करू नयेत; आधी पशुवैद्यांना विचारावं. चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठावा.