ओंदु, एरडु आणि मुलाची बुद्धी

‘सात, तीन, आठ, चार, नऊ’ म्हणून बघा. आता हेच आकडे कन्नडात: ‘एळु, मूरु, एंटु, नाल्कु, ओंबत्तु’. मराठीतला ‘नऊ’ सोडला तर प्रत्येक आकडा एका दमात सुटतो, कन्नडातल्या प्रत्येकासाठी जीभ किमान दोनदा वळते. खानापूर-निपाणीकडच्या माणसाला हे सांगायला नको. बाजारात आपण दोन्ही बोलतो.

पण ऐकलेले अंक तसेच म्हणून दाखवणं हा बुद्धिमापनातला जुना प्रश्न आहे, थेट १९०५ च्या बिने-सिमाँ चाचणीपासूनचा. तात्पुरत्या स्मरणात साधारण दोन सेकंदांत बोलून होईल तेवढंच टिकतं. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली या संशोधकांनी इंग्रजी-वेल्श द्विभाषकांना अंक आठवायला लावले. वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, आणि तीच माणसं वेल्शमध्ये कमी अंक आठवत होती. स्मरणशक्ती तीच, शब्द तेवढे लांब.

मग घरी मराठी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीची चाचणी कन्नडात घेतली, तर आलेला आकडा नेमका कशाचा? वैधतेचा प्रश्न म्हणतात तो हाच. उद्या पुन्हा घेतली तरी तेवढेच गुण येतील. ती झाली विश्वसनीयता. तेवढ्याने बुद्धीच मोजली गेली असं ठरत नाही. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये मांडलं की बुद्धीसारख्या न दिसणाऱ्या गुणाची चाचणी एका पुराव्यावर उभी राहत नाही. सिद्धांतावरून जे जे अपेक्षित, ते ते गुणांशी जुळतं का, हे पुनःपुन्हा तपासावं लागतं.

आपल्या भागाला एक मोठं भाग्य लाभलं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत बसवली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. बिने-कामत चाचणी आजही भारतात वापरली जाते, याचा मला अभिमान वाटतो आणि काळजीही. कारण मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून मुलाचा बुद्ध्यंक ठरवतात ते इतर मुलांचे गुण, जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत बुद्ध्यंक दर दशकात सुमारे तीन गुणांनी वाढत गेला. असं जिथे घडतं तिथे जुन्या मानकांवर मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं, आणि ७० च्या आसपास बुद्ध्यंक असलेल्या ज्या मुलाला मदत हवी ते सुटून जातं. परकी भाषा गुण खाली ओढते, शिळी मानकं वर.

अहवाल हाती आला की आईवडिलांनी विचारावं: चाचणी कुठल्या भाषेत घेतली? मानकं कुठल्या सालची? आणि दुकानातून सामान आणताना, सुटे पैसे मोजून घेताना आपलं मूल कसं वागतं, हे कुणी पाहिलं का?