चुलीच्या धुराला पर्याय : उज्ज्वला गॅस जोडणीचा अर्ज कसा करावा

थंडीत संध्याकाळी वारा पडला की पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांचा धूर वर न चढता कौलांच्या पातळीवरच गावभर साचून राहतो, कारण अशा वेळी जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार असते. या धुरातील २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाच्या मानकानुसार त्यांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असले पाहिजे. चुलीच्या धुराचा हा भार कमी करण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे १ मे २०१६ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना होय. २०२५-२६ या वर्षासाठी केंद्र सरकारने तिच्यात आणखी २५ लाख जोडण्या मंजूर केल्या.

अर्जदार गरीब कुटुंबातील, किमान १८ वर्षे पूर्ण झालेली महिला असावी आणि तिच्या कुटुंबात कोणत्याही कंपनीची गॅस जोडणी आधीपासून नसावी.

अर्जासोबत अर्जदाराचे आधार कार्ड, शिधापत्रिका, तिच्यात नोंद असलेल्या प्रौढ सदस्यांची आधार कार्डे, बँक खात्याचा तपशील आणि कुटुंबाच्या वंचिततेबाबतचे स्वाक्षरीचे घोषणापत्र द्यावे लागते. यांपैकी अडचण बहुधा शिधापत्रिकेचीच येते. नव्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होऊन सासरच्या पत्रिकेत चढलेले नसेल, तर कुटुंबाची पडताळणी तिथेच अडते. म्हणून आधी तहसील कार्यालयातून ही दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच एजन्सीची पायरी चढावी, म्हणजे मजुरी बुडवून दोनदा तालुक्याला जावे लागत नाही. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालते.

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर किंवा इंडेन, भारत गॅस, एचपी गॅस यांपैकी जवळच्या वितरकाकडे करता येतो. जोडणीची अनामत, पहिले भरलेले सिलिंडर आणि शेगडी यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. अर्जात १४.२ किलोचे एक सिलिंडर किंवा ५ किलोची दोन, असा पर्याय असतो. धारणी किंवा भामरागडकडच्या आडवाटेच्या गावांत, जिथे भरलेले सिलिंडर सायकलवरून आणावे लागते, तिथे लहान सिलिंडर सोयीचे, असे माझे मत आहे; शिवाय पुढे ते भरून घेताना एकरकमी पैसेही कमी लागतात.

पुढे सिलिंडर भरून घेतले नाही तर जोडणी कोपऱ्यात पडून राहते आणि चूल पुन्हा पेटते. २०२५-२६ साठी १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ३०० रुपयांचे अनुदान, वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत, ठरले आहे. ते थेट खात्यात जमा होते, म्हणून बँक खाते आधारशी जोडलेले असणे आणि ई-केवायसी (आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी) पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे.

जोडणी घरी बसवून देताना रेग्युलेटर लावणे व काढणे अर्जदार महिलेने स्वतः करून पाहावे, आणि गळतीची शंका आल्यास विजेचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून, घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.