पॉलिश आणि वॅक्स: कुठलं काम मधेच सोडून उठता येतं?

रविवारी सकाळी नऊला गाडी चमकवायला बादली, फडकी, डबे घेऊन पार्किंगमधे उतरायचं, आणि साडेनऊला वरून हाक, सिलिंडरवाला आलाय, खालीच आहेस तर पैसे देऊन टाक. मग दहाला पोरगी सायकल घेऊन खाली, मग शेजारच्या काकांना गाडी काढायची असते म्हणून आपली सरकवा. ज्यांना सलग चार तास मिळतात त्यांच्यासाठी हे नाहीये. ज्यांना वीस वीस मिनिटांचे तुकडे मिळतात आणि ज्यांना अजून पॉलिश आणि वॅक्स एकच वाटतं त्यांच्यासाठी आहे. मलाही दोन वर्षं एकच वाटायचं.

चूक आपली एकट्याची नाही म्हणा. दुकानात 'कार पॉलिश' मागितलं की काउंटरवरचा पोरगा जे देतो ते बऱ्याचदा वॅक्सच असतं, काही बाटल्यांवर 'वॅक्स पॉलिश' असंच लिहिलेलं असतं आणि त्यात दोन्ही थोडं थोडं असतं, आणि वर डॅशबोर्ड पॉलिश म्हणून तिसराच प्रकार आहे, ज्याचा रंगाशी काही संबंध नाही, ते प्लॅस्टिक चमकवायचं द्रव आहे (आणि प्लीज स्टिअरिंगला आणि पेडलला ते लावू नका, घसरतं).

फरक एका वाक्यात सांगायचा तर पॉलिश गाडीवरून काहीतरी काढतं, वॅक्स गाडीवर काहीतरी चढवतं.

पॉलिशमधे बारीक घासणारे कण असतात. गाडीच्या रंगावर वरून जो पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमीच. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्या थरावर गोल गोल ओरखडे पडतात, उन्हात बघितलं की कोळ्याचं जाळं दिसतं, काळ्या गाडीवर तर विचारूच नका. पॉलिश काय करतं, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर एकदम थोडासा झिजवून सपाट करतं. ओरखडा भरत नाही, त्याच्या कडा खाली येतात. म्हणून नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने जात नाही, तिथे घासत बसू नका. जुन्या अँबेसेडर नाहीतर पद्मिनीला पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, कारण वर क्लिअर कोट नव्हताच. आताच्या गाडीला फडकं जवळजवळ स्वच्छ दिसतं म्हणून वाटतं काही निघालंच नाही, पण निघालेलं असतं.

वॅक्सचं काम वेगळं. कार्नौबा म्हणून जे ऐकता ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे. ते पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, मागे जो थर राहतो त्यावर पाण्याचे मणी होतात, पक्ष्यांची विष्ठा आणि बोअरच्या पाण्याचे डाग थेट क्लिअर कोटला भिडत नाहीत. टिकतं एक ते तीन महिने, आपल्या उन्हापावसात एकच धरा. ओरखडे ते काढत नाही, फारतर थोडे दिवस लपवतं, आणि म्हणूनच वॅक्स लावल्यावर 'पॉलिश मस्त झालं' असं लोक म्हणतात आणि महिन्याभराने जाळं परत दिसलं की बाटलीला शिव्या घालतात.

आता मुद्द्याचं, मधेच उठायला लागलं तर काय.

पॉलिश करताना दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्यायचा. हाक आली तर तेवढा ओलसर असतानाच पुसून टाका आणि जा, वाळलं तरी पाण्याचा हलका फवारा मारला की निघतं, नुकसान शून्य. धोका परत आल्यावर असतो. मागच्या रविवारी बॉनेटचा डावा भाग झाला होता की उजवा? मी एकदा आठवलं नाही म्हणून सगळं बॉनेट पुन्हा केलं, म्हणजे आधीच घासलेला भाग परत घासला, आणि क्लिअर कोट काही परत उगवत नाही. त्यात कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेषा असतात तिथे थर आधीच पातळ असतो. तेव्हापासून कडांना मास्किंग टेप लावतो आणि उठताना मोबाईलमधे फोटो काढून त्यावर बोटाने गोल करून ठेवतो, हसू नका, चालतं.

वॅक्सचं बरोब्बर उलटं. एकाच जागी चुकून दोनदा लावलं तर काही बिघडत नाही, पण लावून विसरलात तर मेलात. एका मे महिन्यात मी शहाणपणा करून छत आणि बॉनेट एकदम वॅक्सने माखून ठेवलं, आईचा फोन आला, तिला दवाखान्यात घेऊन गेलो रिक्षाने, परत आलो तीन तासांनी, तोपर्यंत ऊन फिरून गाडीवर आलेलं. खांदा निखळला तरी ते पांढरं निघेना. नंतर कळलं की त्यावरच त्याच वॅक्सचा थोडा ताजा हात मारायचा, खालचं मऊ होतं आणि लगेच पुसलं की दोन्ही निघतं. काळ्या प्लॅस्टिकवर लागलेलं मात्र अजून दिसतंय.

क्रम नेहमी धुणं, मग पॉलिश, मग वॅक्स, कारण वॅक्सवर पॉलिश केलं तर वॅक्सच निघून जातं. पण पुस्तकी पद्धतीने आधी सगळी गाडी पॉलिश आणि नंतर सगळी वॅक्स असं करायला गेलात तर आपल्यासारख्यांची गाडी महिनाभर उघडीच राहते. मी एक दार घेतो, तेवढंच धुतो, वाळवतो, पॉलिश करतो, मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून त्याने पुसतो (पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं आणि वॅक्सला नीट धरू देत नाही), मग वॅक्स. हाताने केलं तर एका दाराला पाऊण तास, म्हणजे एक सिलिंडर आणि एक सायकल धरून. मशीन घ्यायचं मनात होतं पण पार्किंगमधे प्लग पॉइंट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडली तर सेक्रेटरी काय म्हणतील ते लिहीत नाही.

सिरॅमिक कोटिंग (वॅक्सऐवजी लावतात तो कडक होणारा थर) घरी करू का असं कुणी विचारलं तर मी आधी घरात माणसं किती ते विचारतो. ते लावल्यावर बऱ्याचदा एक-दोन मिनिटांत पुसावं लागतं, उशीर झाला आणि कडक झालं की परत पॉलिशनेच काढायचं.

चार दारं, बॉनेट, छत झालंय. डिकीचं झाकण तीन रविवार राहिलंय.