धुऱ्यावर येऊन संपणारे रस्ते

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, हायवेच्या दोन्ही बाजूंच्या वावरात लेआउट पडलेले दिसतात. मोठी कमान, मुरमाचा रस्ता, चुन्याने आखलेले प्लॉट, आणि तो रस्ता सरळ जाऊन धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, संपते. काही वर्षांनी बाजूचं वावरही विकलं जाते, तिथंही लेआउट पडतो पण त्याचं तोंड पुन्हा हायवेकडेच, मधात कंपाउंडची भिंत. मग भिंतीपलीकडच्या घरी जायचं तर आधी हायवेवर या अन् दुसऱ्या कमानीतून आत शिरा.

हे मोजता येते. चौकाला ४ वाटा, तिठ्याला ३, बंद गल्लीला १, याची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं गाव तुटक. दुसरं माप म्हणजे सरळ अंतराच्या किती पट चालावं लागते. पूर्ण काटकोनी जाळ्यात हे जास्तीत जास्त १.४१ पट होते, लेआउटमधल्या त्या भिंतीच्या दोन बाजूंना काही हिशेबच नाही राजेहो! जुनं गावठाण वेडंवाकडं दिसते खरं, पण तिथं एका बोळीतून दुसरी निघतेच.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या रस्त्यांचा शंभरेक वर्षांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला. तिथंही बंद गल्ल्यांच्या वसाहती वाढत गेल्या, १९९४ च्या आसपास कळस झाला आणि मग नवीन रस्ते पुन्हा जरा जोडलेले यायला लागले. पण जुन्या वसाहती तशाच राहिल्या, कारण घर पाडून नवं बांधता येते, रस्ता सरकवायचा तर दोन्हीकडचे पन्नास प्लॉटवाले तयार पाहिजेत, ते काही होत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १८११ साली आखलेलं जाळं आजही तेच आहे, वरच्या इमारती कितीदा बदलल्या.

म्हणजे पहिला लेआउट पाडताना जे ठरते ते नातवापर्यंत चालते, आणि आपल्याकडे ते ठरवते कोण, तर वावराचा आकार. रस्ते तुटक असले की लोक पायी कमी चालतात, गाड्या जास्त घेतात, आणि शाळेतल्या पोरांच्या सायकलीही ट्रकच्या मधात हायवेवरच येतात.

खरं तर जोडणारी वाट बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच असते, पांदण. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. प्लॉट घ्यायच्या आधी भूमी अभिलेखमधून तो नकाशा काढा, लेआउटच्या नकाशाला लावून पाहा, ती रेष कोणाच्या प्लॉटखाली गेली ते दिसते.