मज्जारज्जूची दुखापत आणि मूळपेशी : पेशींना दिलेलं काम कसं बदलत गेलं

मोडलेला मणका सांधतो. त्याच्या आतला मज्जारज्जू सांधत नाही. मेंदू आणि शरीर यांच्यातले संदेश नेणारा, साधारण करंगळीएवढ्या जाडीचा हा मऊ दोर चिरडला गेला, की त्या पातळीच्या खालची हालचाल, स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, सगळंच जाऊ शकतं. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन आहे. वैद्याचा निर्वाळा असा की या दुखण्यावर उपचार करायचा नाही.

विसाव्या शतकातही हा निर्वाळा फारसा बदलला नव्हता. प्रौढ मेंदूत आणि मज्जारज्जूत सगळं मरू शकतं, पुन्हा उगवत काहीच नाही, असं स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी 1913-14 मध्ये लिहिलं. हा कठोर निकाल बदलणं भविष्यातल्या विज्ञानाच्या हाती आहे, असंही त्यांनी तिथेच म्हटलं होतं. त्यांचं पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, दुसरं बरीच वर्षं मागे पडलं.

त्याला उत्तर मिळालं ते 1980-81 मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलला. अल्बर्ट अग्वायो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला जोडला आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींचे तुटलेले तंतू त्या तुकड्यात वाढत गेले. म्हणजे वाढण्याची ताकद तंतूंमध्ये होती. आजूबाजूची जागाच त्यांना वाढू देत नव्हती. मला या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं, कारण तिथून प्रश्न बदलला. जागाच बदलता येईल का? तिथे नव्या पेशी नेऊन सोडल्या तर?

पण तशा पेशी आणायच्या कुठून? 1998 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. पुढच्याच वर्षी सेंट लुईसच्या गटाने उंदराच्या भ्रूणापासूनच्या पेशी जखमी उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्या, दुखापतीनंतर नऊ दिवसांनी. काही आठवड्यांनी ती जनावरं मागच्या पायांवर थोडा भार घेऊ लागली. 1995 मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झालेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह तेव्हा या संशोधनासाठी जाहीरपणे झगडत होते. या पेशींसाठी भ्रूण नष्ट करावा लागतो यावरून वाद होता आणि 2001 मध्ये अमेरिकी सरकारने भ्रूण मूळपेशींवरच्या संशोधनाच्या निधीला मर्यादा घातल्या. 2004 मध्ये रीव्ह गेले, तेव्हा भ्रूण मूळपेशींची माणसावरची पहिली चाचणी अजून सहा वर्षं लांब होती.

दरम्यान पेशींकडून काय हवं, हेही बदललं होतं. मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या बसवायच्या आणि त्यांच्या जोडण्या पुन्हा जुळवायच्या, हे काम फार मोठं होतं. त्यापेक्षा आवाक्यातलं काम होतं आवरणाचं. दुखापतीनंतर काही तंतू तुटत नाहीत, पण त्यांच्यावरचं मायलिन नावाचं वेष्टण गळून पडतं आणि संदेश वाटेतच विरतो. कॅलिफोर्नियात हान्स कर्स्टेड यांच्या गटाने मूळपेशींपासून वेष्टण घालणाऱ्या पेशी बनवल्या. 2005 च्या त्यांच्या प्रयोगात, दुखापतीनंतर सात दिवसांनी पेशी मिळालेले उंदीर बरे चालू लागले. दहा महिन्यांनी मिळालेल्यांना काहीच फायदा झाला नाही.

जेरॉन कंपनीने याच पेशी 2010 मध्ये पहिल्यांदा माणसाला दिल्या. टेबलाला बसवलेल्या चौकटीत सुई स्थिर धरून, 20 लाख पेशी. इथे हाताच्या स्थिरपणावर भिस्त ठेवून चालत नाही. पाच जणांनंतर, नोव्हेंबर 2011 मध्ये, कंपनीने पैशाच्या कारणावरून काम थांबवलं. ज्यांनी आपलं शरीर या प्रयोगासाठी दिलं, त्यांच्यासाठी हे कारण किती कडू असेल! पुढे दुसऱ्या कंपनीने हेच काम 2 कोटी पेशींपर्यंतचा डोस देऊन चालू ठेवलं.

जपानची वाट वेगळी. सप्पोरोच्या संशोधकांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून दिल्या. (नावात मज्जा असली तरी हाडातली मज्जा आणि मज्जारज्जू यांचा काही संबंध नाही. घोटाळा मात्र नेहमी होतो.) या पेशी चेतापेशींची जागा घेतात असं मानलं जात नाही. सूज कमी करणं, उरलेल्या पेशींना पोसणं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. 2018 च्या अखेरीस जपानने या उपचाराला सशर्त मान्यता दिली, तीही अवघ्या 13 रुग्णांच्या आधारावर आणि तुलनेसाठी दुसरा गट नसताना. टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कित्येक रुग्ण आपोआपही थोडे सुधारतात. तुलना नसेल तर श्रेय कुणाला द्यायचं?

पेशी आपलं मूळ काम विसरत नाहीत, हेही लक्षात ठेवावं लागतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवलेल्या तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. शस्त्रक्रियेत गाठ निघाली आणि त्या गाठीत नाकासारखाच शेंबूड तयार होत होता.

शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेलं आणि भ्रूणाचा वाद बाजूला पडला. त्या पेशींपासून बनवलेल्या 20 लाख चेता-पूर्वपेशी (ज्यांपासून पुढे चेतापेशी बनतात) टोकियोच्या केइओ विद्यापीठाने डिसेंबर 2021 पासून चार रुग्णांना दिल्या. मार्च 2025 मध्ये निकाल आला : गंभीर अपाय नाही, दोघांत सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. चौघांनाही दुखापत होऊन काही आठवडेच झाले होते. जुन्या दुखापतीत पोकळी आणि व्रण तयार झालेले असतात. वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीत असलेले बहुतेक जण याच गटातले आहेत आणि त्यांच्यासाठीच्या चाचण्या अजून मागेच आहेत.