सशर्त स्थगितीची पार्श्वभूमी
न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं नाव निघालं की 'ते मुळात राजकारणीच' हा शेरा हमखास येतो. त्यात खोटं काही नाही. थलश्शेरीत वकिली, १९५२ साली मद्रास विधानसभेत अपक्ष आमदार, १९५७ साली केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग अशी खाती. १९६५ ची निवडणूक हरल्यावर पुन्हा काळा कोट आणि १९६८ मध्ये थेट केरळ उच्च न्यायालय. जुलै १९७३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्यामुळे हेही सरकारच्या मर्जीतले, असा संशय होताच.

सगळा वाद मात्र २४ जून १९७५ च्या आदेशाभोवती फिरतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने पंतप्रधान इंदिरा गांधींची खासदारकी रद्द झाली होती. न्यायालयाच्या सुट्टीत तातडीची कामं पाहणारे न्यायमूर्ती म्हणून अपील कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलं. मागणी त्या निकालाला पूर्ण स्थगितीची होती, मिळाली सशर्त: सभागृहात बसा, हजेरीपटावर सही करा, पण खासदार म्हणून मतदान नाही, मानधन नाही. पंतप्रधान म्हणून बोलायला मात्र आडकाठी नाही. 'सशर्त' या एका शब्दाने घोटाळा केला. विरोधकांनी त्यात 'राजीनामा द्या' वाचलं, सरकार पक्षाने 'पद शाबूत' वाचलं. खरं तर निवडणूक अपिलांत अशीच स्थगिती देण्याचा प्रघात होता आणि मंत्र्याला मताविना बोलण्याचा हक्क अनुच्छेद ८८ नेच दिलेला आहे. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली, म्हणून आदेशाला नंतर नको तेवढा अर्थ चिकटला, असं माझं मत.

अपील दाखल होण्याआधी केंद्रीय कायदामंत्र्यांनी त्यांना फोन करून भेट मागितली होती. भेटायची गरज नाही, अपील निबंधकांकडे दाखल करा, एवढंच उत्तर मिळालं. गंमत अशी, की हे कायदामंत्री मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. म्हणजे प्रवास कृष्ण अय्यरांच्या नेमका उलटा.

पुढे कैद्यांच्या हक्कांवरचे त्यांचे निकाल गाजले. १९७८ चा एकांतकोठडीचा तर फारच. १९४८ मध्ये ते स्वतः महिनाभर तुरुंगात होते, नंतर तुरुंगमंत्री. १९८० मध्ये निवृत्त झाले आणि १९८७ मध्ये विरोधकांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले.