ढकलायचं नाही, फक्त ओढायचं

चर्चमधलं धुपाटणं म्हटलं की पाद्र्याच्या हातातली, साखळीला लटकणारी छोटीशी डबी आठवते. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमधलं ‘बोताफुमेइरो’ मात्र सुमारे दीड मीटर उंच आणि ५३ किलोंचं आहे. घुमटाखाली टांगलेलं हे धूड पेटते निखारे पोटात घेऊन, ताशी ६८ किलोमीटर वेगाने भाविकांसमोरून झेपावतं.

सुरुवातीचा धक्का सोडला तर त्याला कोणीही ढकलत नाही. आठ जण एका जागी उभे राहून दोरी ओढतात, तीही सरळ खाली. मग झोका आडवा चढतो कसा?

झोक्यावर उभं राहिलेलं मूल आठवा. ते मध्यावर उठतं, टोकाला खाली बसतं आणि कोणी न ढकलता झोका चढत जातो. इथेही तेच. धुपाटणं सर्वात खाली आलं की माणसं दोरी ओढून ते वर उचलतात. टोकाला पोचलं की दोरी सैल सोडतात. खाली असताना वेग जास्त, त्यामुळे दोरीवर वजनाहून कितीतरी जास्त ताण असतो. टोकाला तो ताण उतरलेला असतो. म्हणजे उचलताना जितकी ऊर्जा घातली, त्यातली थोडीच सोडताना परत जाते. उरलेली झोक्यात जमा. अशा सतराएक हिसक्यांत, जेमतेम दीड मिनिटात, झोका उभ्या रेषेपासून ८२ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ छताला! सगळा खेळ वेळेचा. उलट्या क्षणी ओढलं तर झोका उतरू लागेल.

लंबकाचा अभ्यास करणारा गॅलिलिओ १५६४ साली जन्मला. इथे तर १४९९ मध्येच, राजकन्या कॅथरीन ऑफ अॅरागॉन आलेली असताना, धुपाटणं सुटून खिडकीबाहेर गेल्याची नोंद सांगतात. गणिताआधी मनगटांना कळलं होतं म्हणायचं.

पुढे नेपोलियनच्या सैन्याने चांदीचं धुपाटणं पळवलं. तेल गेलं, तूप गेलं आणि इथे तर हाती धुपाटणंही राहिलं नाही! आजचं १८५१ सालचं, पितळेचं, वर चांदीचा मुलामा.

आत जळतो तो बोस्वेलिया झाडाचा वाळलेला चीक. झोक्याच्या वाऱ्याने निखारे फुलतात, धूर दाटतो. थांबवायच्या वेळी दोरी ओढणं बंद होतं, झोके उतरत जातात आणि शेवटी एक जण पुढे होऊन त्याला कवेत धरतो, त्याच्यासकट एक गिरकी घेतो.